वऱ्हाड कुणी नेलं?



आमच्या अकोटकडच्या गावात चावडीसमोर पिंपळाचा पार होता. उन्हाळ्यात रात्री जेवणं झाली की म्हातारी मंडळी त्या पारावर बसत आणि आम्ही पोरं खाली धुळीत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका रात्री एका बाबांनी सांगितलं, "राजेहो, निजामाच्या दिवाणाले विलायती जेवणातून जहर देलं, अन् मंग आपलं वऱ्हाड गोऱ्याच्या घशात गेलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढे पंधरा-वीस वर्षं मी ती गोष्ट खरीच धरून चाललो होतो.

नंतर इतिहास शिकवायची पाळी आली, कागद हाताशी आले, तेव्हा कळलं की बाबांच्या गोष्टीतला एकेक तुकडा कुठून ना कुठून आलेला आहे. दिवाण होता. तो अचानक गेला, हे खरं. विलायती जेवणाची कहाणीही हैदराबादेत अजून सांगतात. वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, हे तर खरंच. फक्त वऱ्हाड गेलं १८५३ मध्ये आणि दिवाण वारला १८८३ मध्ये. मधे तीस वर्षं! जे तीस वर्षांनी घडलं, ते लोकांनी कारण म्हणून पुढे आणून बसवलं.

असं का झालं असेल? लोक अडाणी होते म्हणून? मला तसं वाटत नाही. आपला मुलूख डोळ्यांदेखत एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आपल्याला कुणी विचारलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही, मग माणसानं काय करावं? कारण स्वतःच रचावं लागतं. आणि जहर हे सगळ्यांना चटकन समजणारं कारण आहे. वहीखात्यातलं व्याज पारावर बसून समजावता येत नाही.

आज मी तुम्हाला ते व्याजच समजावणार आहे. वऱ्हाडच्या बाबतीत ज्या तीन-चार वदंता आहेत त्या एकेक उलगडू, आणि ज्यांच्या नावाचा एकही चौक आपल्या अकोल्यात किंवा अमरावतीत नाही अशा काही माणसांची ओळख करून देतो. वऱ्हाड नेलं ते बहुतेक याच माणसांनी.

पहिली वदंता: कर्ज खोटं होतं.

निजामावर कर्ज झालं होतं, म्हणून त्यानं वऱ्हाड लावून दिलं, असं आपण शाळेत शिकलो. आता विचारा, कर्ज कशाचं? निजामानं महाल बांधले म्हणून? नाही. कर्ज झालं एका फौजेच्या पगाराचं. १८०० च्या तहात निजामानं कबूल केलं होतं की लढाई लागली तर आपण इंग्रजांना फौज देऊ. लढाई लागली तर. हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढे हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट आला. त्यानं निजामाच्या खर्चानं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक कायमची फौज उभी केली. लढाई असो-नसो, ती पोसायची. तिलाच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. अधिकारी इंग्रज, पगार इंग्रजी दराचे, आणि खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात, तो निजामाच्या अंगावर.

पगार थकला की पैसा कुठून आणायचा? इथे आपला पहिला अनोळखी माणूस येतो. विल्यम पामर. बाप इंग्रज जनरल, आई हिंदी. हैदराबादेत त्याची पेढी होती, पामर आणि कंपनी. ही पेढी निजाम सरकारला कर्ज द्यायची, शेकडा चोवीस-पंचवीस व्याजानं. या पेढीत एक भागीदार होता सर विल्यम रंबोल्ड, आणि त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरात मुलीसारखी वाढलेली. म्हणजे फौज लादणारे कंपनी सरकारचे, फौजेचा पगार भागवायला कर्ज देणारी पेढी गव्हर्नर जनरलच्या गोतातली, आणि व्याज भरणारा शेवटी कोण? निजाम म्हणाल. निजाम कुठून भरणार? तालुकदाराकडून. तालुकदार कुठून? पाटलाकडून. आणि पाटील माझ्या-तुमच्या खापरपणज्याकडून.

चार्ल्स मेटकाफ नावाचा रेसिडेंट आला तेव्हा त्यानं हे प्रकरण उघडं पाडलं. पामरची पेढी बुडाली, पण तिचं देणं फेडायला निजामाला आणखी एक उत्पन्न सोडावं लागलं. उत्तर सरकारांच्या मुलखापोटी इंग्रज निजामाला दर साल सात लाख पेशकश देत असत. ती १८२३ मध्ये एक कोटी सोळा लाखांवर कायमची तोडून घेतली आणि तो पैसा पेढीच्या देण्यात गेला. एका कर्जासाठी उत्पन्न विकलं की पुढच्या कर्जाला वाट मोकळी होते, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

आता खरी मेख ऐका. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांत दारूवरचा अबकारी कर निजामाच्या मुलखात जमा व्हायचा, पण घेत होते इंग्रज. निजामाच्या बाजूचा हिशेब असा की साल १८१२ पासून १८५३ पर्यंत ही रक्कम वर्षाला सुमारे लाख, म्हणजे एकूण सुमारे एक्केचाळीस लाख होते. आणि वऱ्हाड घेताना इंग्रजांनी मागितलेलं कर्ज किती होतं? चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात! देणं आणि येणं जवळजवळ सारखं. वजाबाकी केली असती तर वऱ्हाड घ्यायला कारणच उरत नव्हतं.

हे मी निजामाच्या प्रेमापोटी बोलत नाही. खुद्द कुथबर्ट डेव्हिडसन या इंग्रज रेसिडेंटनं १८६० मध्ये आपल्या वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की हिशेब निःपक्षपणे झाला असता तर १८५३ मध्ये निजामाकडे आपलं न्याय्य येणं निघालंच नसतं. आणि डेव्हिडसन हा काही बाहेरचा माणूस नव्हे. १८५३ च्या वाटाघाटी चालल्या तेव्हा तो रेसिडेंटचा सहायक म्हणून तिथेच होता. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं लिहून ठेवलं. आपण मात्र शाळेत अजून "कर्जापोटी" असंच शिकवतो.

२१ मे १८५३. कर्नल जॉन लो हा रेसिडेंट, कलकत्त्याला लॉर्ड डलहौसी. त्याआधी दोन वर्षं डलहौसीनं निजामाला असं पत्र पाठवलं होतं की ते वाचून कुणाही राजाच्या पोटात गोळा उठावा. निजामानं दागिने गहाण ठेवून एक हप्ता भरलाही. भागलं नाही. करारात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी लावून दिला. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या यातून पोसायच्या आणि उरलेला वसूल निजामाला परत करायचा, असं ठरलं. करार झाला आणि थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क वारला. त्याच्या जागी आला त्याचा पुतण्या, चोवीस वर्षांचा मीर तुराब अली. त्यालाच आपण सालारजंग म्हणतो. पारावरच्या बाबांचा दिवाण तो हाच.

थोडं थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझी गोष्ट बाबांच्या गोष्टीइतकीच एकांगी होईल. निजामी अंमलात वऱ्हाड सुखात होतं का? आपली आजी गडबड-गोंधळाला काय म्हणायची? "मोगलाई लागली का?" मोगलाई म्हणजे निजामाचाच अंमल; तो शब्द उगाच रुळला नाही. तालुक्यांचे ठेके बोलीवर जात. आज एकानं बोली लावली, उद्या दुसऱ्यानं वाढवली, की पहिला आपले अरब आणि रोहिले शिपाई घेऊन ठाण मांडून बसायचा. मुंबईच्या विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी भावांकडे तर वऱ्हाडचा वसूलच कर्जापोटी लावून दिला होता. औरंगाबादेत त्यांच्या नावानं पेस्तनशाही रुपया पडत असे! याच भावांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायला सुरुवात केली, खामगावला गाठी दाबायचे स्क्रू बसवले. १८४० च्या दशकात त्यांना जबरीनं हुसकावलं आणि पेढी बुडाली. पेस्तनजींचं नाव आज खामगावच्या बाजारात कुणाला आठवतं?

कापसाचं नाव निघालंच आहे, तर दुसरी वदंता. वऱ्हाड कापसासाठी घेतलं आणि ही गोष्ट दडवून ठेवली.

यातला पहिला अर्धा खरा आहे. दुसरा नाही. डलहौसीनं १८५६ मध्ये जाताना आपल्या कारभाराचा जो आढावा लिहिला, त्यात त्यानं अभिमानानं नोंदवलं आहे की हिंदुस्थानातले उत्तमोत्तम कापसाचे मुलूख आता आपल्या हाती आले आणि आपल्या देशाच्या एका मोठ्या उद्योगाची तूट भरून निघेल. कुठे लपवलं त्यानं? जगाला वाचता येईल अशा सरकारी कागदात लिहून ठेवलं! आपण कटाचा शोध घेत तळघरं धुंडाळतो आणि इकडे मोठी कारस्थानं ठसठशीत छापलेली, शिक्का मारलेली, दप्तरात निवांत पडलेली असतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे आपल्याकडे वळले. हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा एक कापूस कमिशनर गावोगाव फिरत होता. १८६७ मध्ये आगगाडी अकोल्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" असं आपण म्हणतो. माझ्या आजोळी बनोशी कापसाच्या जुन्या बोंडांची एक परडी देवघराच्या फळीवर ठेवलेली असे. आजीनं एकदा एक बोंड माझ्या तळहातावर ठेवलं. धागा आखूड, सरकी घट्ट धरून बसलेली, उपटताना नखं दुखली. ती म्हणाली, "हा आपला कापूस व्हय. विलायतले हा नाही पायजे, लंबा पायजे." त्या एका वाक्यात वऱ्हाडच्या शेतीची शंभर वर्षं आली. आपल्या रानात काय पिकायचं, हे तेव्हापासून लिव्हरपूलचा बाजार ठरवू लागला.

आणखी एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ती कंटिंजंट, आपल्या वऱ्हाडच्या वसुलावर पोसलेली, ती १८५८ मध्ये कुठे लढत होती? सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर, झाशीवर आणि काल्पीवर. राणी लक्ष्मीबाईंवर चाललेल्या फौजेचा पगार अकोला-अमरावतीच्या शेतसाऱ्यातून निघत होता! त्याच वर्षाच्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून मुलताईपर्यंत आले, आणि मेळघाटच्या वाटा रोखलेल्या सापडल्या म्हणून वळले. ते खाली वऱ्हाडात उतरले असते, तर? मी जर-तरचा इतिहास सांगत नाही. पण आपल्या पाटलांच्या वाड्यांत त्या हिवाळ्यात काय कुजबुज चालली असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

१८५७ मध्ये सालारजंग इंग्रजांच्या बाजूनं ठाम उभा राहिला. त्याचं बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० च्या तहात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, रायचूर दुआब आणि नळदुर्ग परत मिळाले. आणि वऱ्हाड? कर्ज माफ, पण वऱ्हाड इंग्रजांकडेच. शिवाय वऱ्हाडचा हिशेब दाखवायचं बंधनही संपलं. सावकारानं कर्जाचा कागद फाडला आणि गहाण शेत मात्र ठेवून घेतलं. याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्ही जाणता.

आता सालारजंगाकडे येतो, कारण पारावरच्या गोष्टीचा मूळ गाभा तिथेच आहे. या माणसानं तीस वर्षं दिवाणगिरी केली आणि त्यातला बराच काळ एकाच ध्यासात घालवला: वऱ्हाड परत मिळवायचं. त्यानं अर्ज केले. कंटिंजंटचा पगार निघेल एवढं रोख भांडवल तारण ठेवतो, मुलूख सोडा, असंही सांगून पाहिलं. १८७६ मध्ये तो विलायतेला गेला. वाटेत पॅरिसला पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं, तरी मागे फिरला नाही. लंडन शहरानं मान दिला, ऑक्सफर्डनं पदवी दिली, राणीची भेट झाली. सगळं मिळालं, वऱ्हाड नाही मिळालं. परत आल्यावर त्याच्या शेजारी त्याच्याच विरोधकाला बरोबरीनं बसवलं. १८७८ मध्ये लंडनहून उत्तर आलं की लहान निजाम वयात येईपर्यंत हा प्रश्न उघडायचा नाही.

निजाम मीर महबूब अली वयात येणार होता १८८४ च्या फेब्रुवारीत. आणि सालारजंग गेला ८ फेब्रुवारी १८८३ ला. वय चौपन्न. एका जर्मन सरदाराच्या पाहुणचारात डबाबंद विलायती कालवं खाल्ली आणि एका दिवसात खेळ खलास, अशी कहाणी. सरकारी कागदात कारण पटकी.

जहर दिलं का? पुरावा नाही. पटकीनं तेव्हा रोज माणसं मरत होती आणि मोठ्या माणसाला पटकी होऊ नये असा काही नियम नाही. पण वदंतेला हवा मिळाली ती त्या एका वर्षामुळे. एक वर्ष थांबला असता तर बोलणी सुरू झाली असती. तीस वर्षं वाट पाहिलेला माणूस दाराशी येऊन पडला. त्या दुःखातून जहराची गोष्ट जन्माला आली असं माझं मत आहे. म्हणून ती तथ्य म्हणून मी मानत नाही, पण तिची थट्टाही करणार नाही. शंभर कोस दूर, अकोटच्या पारावर ती अजून जिवंत असेल तर त्या मरणाचा धक्का किती लांब गेला होता हे त्यावरून कळतं.

तिसरी वदंता: कर्झननं निजामाला खोलीत कोंडून सही घेतली.

३० मार्च १९०२. लॉर्ड कर्झन हैदराबादला आला. महबूब अली आणि कर्झन यांची भेट झाली, दिवाणाला बाजूला ठेवून. दुष्काळानं राज्य कर्जात होतं. भेटीतून निजाम बाहेर आला तो वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं द्यायला राजी होऊनच. वर्षाला पंचवीस लाख, कायमचे; वऱ्हाडचा वसूल त्याहून कितीतरी अधिक. नोव्हेंबरमध्ये कागद पुरा झाला, पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. दिल्ली दरबारात निजामाला जी. सी. बी. हा किताब मिळाला. हैदराबादेत लोकांनी त्या अक्षरांचा अर्थ लावला: गेव्ह कर्झन बेरार. कर्झनला वऱ्हाड दिलं. कोंडायला कुलूप लागत नाही. एका बाजूला व्हाइसरॉय, दुसऱ्या बाजूला एकटा, कर्जबाजारी, संकोची राजा, एवढं पुरे होतं.

ही सही पुढे हिंदुस्थानभर गाजली. ऑक्टोबर १९२३ मध्ये महबूब अलींचे चिरंजीव मीर उस्मान अली यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं. वडिलांची संमती खुशीची नव्हती, असं त्यांचं म्हणणं. रीडिंग हे एके काळचे इंग्लंडचे सरन्यायाधीश. त्यांनी २७ मार्च १९२६ ला उत्तर दिलं: हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलू शकत नाही. साऱ्या देशातले राजेरजवाडे हादरले. ब्रिटिश सार्वभौमत्वाचा अर्थ शिकवणारं प्रत्येक पुस्तक या पत्रापाशी थांबतं. आणि हा वाद होता कशावरून? आपल्या बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूरवरून! त्या पुस्तकांत आपलं नाव एका ओळीत येतं आणि जातं.

बरं, वऱ्हाडच्या लोकांचं मत? ते परत निजामाकडे जायला तयार नव्हते. त्यांनी तसं सांगितलंही. पण विचारलं कुणी?

१९३६ मध्ये आणखी एक करार झाला. वऱ्हाड निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा. युवराज आझम जाह झाला 'प्रिन्स ऑफ बेरार'. त्याची पत्नी दुर्रूशेहवार, पदच्युत उस्मानी खलिफा अब्दुल मजीद यांची मुलगी. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचं लग्न झालं होतं. खिलाफत आता हैदराबादला येणार, अशी बोलवा तेव्हापासून उठली. खलिफांसाठी खुलदाबादेजवळ कबर बांधली गेली, ती रिकामीच राहिली. इस्तंबूलच्या राजघराण्यातली मुलगी वऱ्हाडची युवराज्ञी म्हणून जगभर ओळखली गेली. इकडे आपल्या बायका रेच्यावर सरकी काढत होत्या, त्यांना या युवराज्ञीचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या करारानं सरकारी कचेऱ्यांवर इंग्रजांच्या निशाणाबरोबर निजामाचंही निशाण फडकू लागलं. माझे आजोबा तेव्हा शेतसाऱ्याच्या कामानं इथे अकोल्याच्या कचेरीत आले होते. दारात दोन काठ्या, दोन निशाणं. त्यांनी चपराशाला विचारलं, "सलाम कोन्या झेंड्याले करू?" चपराशी वर बघत राहिला. त्यालाही माहीत नव्हतं. आजोबा पागोटं काखेत मारून दोन्ही काठ्यांच्या मधून आत गेले. हा प्रसंग ते मला मरेपर्यंत सांगत.

१८५३, १८६०, १९०२, १९३६. चार कागद. चारही कागदांवर वऱ्हाडच्या एकाही माणसाची सही नाही. इंग्रजांची सत्ता संपल्यावर वऱ्हाड कुणाचं, हा पेच १९४७ मध्ये खराच उभा राहिला आणि निजामानं मागणी पुन्हा पुढे केली. तेव्हा ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आधी सातच दिवस, याच आपल्या अकोल्यात माणसं जमली. शंकरराव देव होते, धनंजयराव गाडगीळ होते, आणि आपले पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी होते. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांनी एकत्र कसं नांदायचं, यावर त्यांनी कागद लिहिला. तो अकोला करार कितपत पाळला गेला, यावर या सभागृहात दोन मतं असतील, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी टेबलापाशी रेसिडेंट नव्हता, दिवाण नव्हता. वऱ्हाडच्या भवितव्यावरच्या कागदाखाली पहिल्यांदाच वऱ्हाडी माणसांच्या सह्या पडल्या.